हुकमाने हलणारी हद्द

डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या आजूबाजूला सत्तावीस गावं आहेत. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ती पालिकेत आली. २००२ मध्ये वगळली गेली. २०१५ च्या जूनमध्ये पुन्हा घेतली गेली आणि त्याच वर्षी, पालिकेची निवडणूक तोंडावर असताना, ती परत वगळण्याची प्रारूप अधिसूचना निघाली. ती तशीच लटकत राहिली. २०२० मध्ये सत्तावीसपैकी अठरा गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद करायचं ठरलं. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं. या गावांत जन्मलेला चाळिशीचा माणूस घराचा उंबरा न ओलांडता शहरात गेला, गावात आला, पुन्हा शहरात गेला आणि पुन्हा गावात येता येता राहिला. यातल्या एकाही वेळी ग्रामपंचायत आणि महापालिका समोरासमोर बसून काही ठरवते आहे, असं झालं नाही. दर वेळी कागद मंत्रालयातून आला.

सत्तावीस गावांची गोष्ट हास्यास्पद वाटावी इतकी टोकाची आहे, पण अपवाद नाही. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये ५३ गावं पोटात घेऊन जन्मली. आंदोलन पेटलं, २०११ मध्ये २९ गावं वगळण्याची अधिसूचना निघाली, मग वर्षानुवर्षं न्यायालय. पुण्यात हद्दवाढीच्या तीन लाटा आल्या आणि तिसरी ओसरायच्या आत दोन गावं बाहेरही पडली. कोल्हापुरात तर १९७२ पासून हद्द एक इंच हललेली नाही, तरी भांडण पन्नास वर्षं चालूच.

कायदा मात्र एका कलमात मावतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३. राज्य सरकारने महापालिकेशी विचारविनिमय करावा, राजपत्रात अधिसूचना काढावी, हद्द बदलावी. त्याआधी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्यात. महापालिकेशी विचारविनिमय सक्तीचा आहे. कल्याणच्या अठरा गावांचा निर्णय पडला तो याच मुद्द्यावर, की पालिकेला रीतसर विचारलंच नव्हतं. ग्रामपंचायतीला विचारायचं बंधन मात्र या कलमात नाही. तिने हवं तर हरकत नोंदवावी, जशी कुणीही नागरिक नोंदवतो. ज्या संस्थेचं अस्तित्वच त्या अधिसूचनेने संपणार आहे, तिचा दर्जा टपालाने आलेल्या एका अर्जाचा.

संविधानातल्या २४३-क्यू या अनुच्छेदात शहर कशाला म्हणायचं याचे निकष आहेत: लोकसंख्या, तिची घनता, महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण. हे ठरवायचं राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाने. त्यामुळे हद्दवाढ हा नगररचनेचा विषय राहतच नाही. ती गणिताची होते. कोणत्या गावांत कुणाची मतं आहेत, पुढची निवडणूक कधी, पालकमंत्री कुठल्या पक्षाचे. पुण्यात २०२१ मध्ये तेवीस गावांच्या समावेशाच्या वेळी राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं, पालिकेत भाजपची सत्ता. सरकार म्हणालं गावं घ्या, पालिका म्हणाली आधी पैसे द्या. गावांनी काय म्हणावं यासाठी कुणी थांबलं नाही.

पुण्याकडे जरा सविस्तर बघायला हवं, कारण हद्दवाढीचं सगळं व्याकरण तिथे एका ठिकाणी सापडतं.

१९९७ मध्ये ३८ गावं पालिकेत आली. विरोध झाला, काही पूर्ण तर काही अर्धवट वगळली गेली आणि २३ गावं उरली. बाणेर, बालेवाडी, वारजे, खराडी ही नावं आज पुण्याच्या महागड्या पत्त्यांत मोडतात. तेव्हा ती गावं होती. त्यांचा विकास आराखडा पालिकेने २००५ मध्ये मंजूर केला. त्यातल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण होतं. राज्याने २००८ मध्ये बाकीचा आराखडा मान्य केला आणि टेकड्यांचा प्रश्न बाजूला ठेवला. तो सुटायला २०१५ उजाडलं. म्हणजे गाव शहरात आल्यापासून त्याच्या डोंगरावर काय होणार हे ठरायला अठरा वर्षं. या अठरा वर्षांत डोंगर काही थांबून राहिला नाही. त्याच्या पायथ्याशी जे व्हायचं ते होत गेलं.

दुसरी लाट २०१४ ची. ३४ गावं घेण्याची अधिसूचना निघाली, अंमलबजावणी रखडली, हवेली तालुक्यातली मंडळी उच्च न्यायालयात गेली. हे लोक गावं शहरात घ्या म्हणून कोर्टात गेले होते, हे इथे नोंदवलं पाहिजे. हद्दवाढ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बैलगाड्यांचा मोर्चा आणि ‘एक इंचही जमीन देणार नाही’चा फलक. पण वाघोली, बावधन, सूस, म्हाळुंगे इथल्या सोसायट्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना ग्रामपंचायत नकोच होती. त्यांनी तीस-चाळीस लाखांचं कर्ज काढून घर घेतलेलं, पाणी टँकरचं, ड्रेनेज ओढ्यात, रस्ता बिल्डरच्या मर्जीचा. उलट मूळ गावकऱ्याला शहर म्हणजे जमिनीवर आरक्षण, वाढीव कर आणि सरपंचपद गेलं. गाव म्हणजे एक मत नसतं. एकाच शिवारात दोन गावं नांदत असतात आणि त्यांची मतदारयादी एकच असते.

शेवटी सरकारने न्यायालयात शब्द दिला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं आली: लोहगावचा उरलेला भाग, मुंढव्याचं केशवनगर, साडेसतरानळी, शिवणे, उत्तमनगर, दोन्ही आंबेगावं, धायरी, उंड्री, फुरसुंगी, उरुळी देवाची. उरलेल्या तेवीस गावांची प्रारूप अधिसूचना २३ डिसेंबर २०२० ला निघाली, अंतिम ३० जून २०२१ ला. क्षेत्रफळाच्या हिशेबात पुणे महापालिका राज्यात सगळ्यात मोठी झाली, पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे. मुंबईला मागे टाकलं म्हणून बातम्यांत थोडा अभिमानही डोकावला.

समावेशाच्या दिवशी प्रत्यक्षात काय होतं? ग्रामपंचायत विसर्जित होते. ग्रामसेवक दप्तर बांधतो. त्यात सगळ्यात मोलाचा असतो नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही: घर कुणाचं, किती फुटांचं, दगडमातीचं की स्लॅबचं. ही वही पालिकेच्या मिळकतकर खात्याकडे जाते आणि तिथे तिला अर्थ लागत नाही, कारण वहीत ज्याला एक घर म्हटलंय तिथे आता चार मजले उभे आहेत. गावठाणातल्या घराला नकाशा नाही. एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटांवरच्या इमारतींना परवानगी आहे, पण ती सरपंचाच्या सहीची. समावेशाची कुणकुण लागली की या सह्यांचा वेग वाढतो, हे हवेली तालुक्यात कुणालाही विचारा. त्याच काळात ग्रामपंचायतींची नोकरभरतीही जोरात होते, कारण पंचायतीचा शिपाई उद्या पालिकेचा कर्मचारी होणार असतो. तेवीस गावांतल्या अशा भरतीची जिल्हा परिषदेला चौकशी करावी लागली.

यात गावाला एकट्याला दोष देणं सोपं आहे. पण आपलं घर अमुक तारखेला दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, त्याच्या अटी आपल्याला कुणी सांगणार नाही, असं कळल्यावर शहाणा माणूस काय करील? जे हाताला लागेल ते गोळा करील. समावेशाआधीची लूट ही बऱ्याच अंशी वाटाघाटी नसण्याची किंमत आहे, असं मला वाटतं.

पैशाचा हिशेबही बघा. राज्यात जमीन-घराच्या खरेदीवर जिल्हा परिषदेसाठी जादा मुद्रांक शुल्क घेतलं जातं आणि त्यातला वाटा ग्रामपंचायतीला मिळतो. शहराच्या वेशीवर, जिथे रोज फ्लॅटचे दस्त नोंदले जातात, तिथल्या पंचायतीची ही कमाई एखाद्या तालुक्याच्या गावाला हेवा वाटावा अशी. ती एका अधिसूचनेने बंद होते. समजा ती पालिकेकडे गेली तर निदान शहराचं भलं. पण तेवीस गावं आली आणि पंधरवड्याच्या आत-बाहेर सरकारने त्यांच्यासाठी पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. झालं असं: बांधकाम परवानगी आणि तिचं शुल्क पीएमआरडीएकडे, त्या बांधकामाला पाणी, ड्रेनेज, कचरागाडी द्यायची महापालिकेने, आणि नागरिकाने तक्रार घेऊन कुठे जायचं हे त्याचं त्याने शोधायचं. नगरसेवकाकडे जायचीही सोय नव्हती. पंचायत विसर्जित, आणि मार्च २०२२ मध्ये पालिकेच्या सभागृहाचीच मुदत संपून प्रशासक बसला. निवडणुका वर्षामागून वर्ष लांबत गेल्या. तेवीस गावांचे सरपंच गेले, नगरसेवक आले नाहीत.

मग २०२५ चा जानेवारी आला. सिंहगड रस्त्याच्या टोकाला नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात माणसांच्या पायांतली ताकद अचानक जाऊ लागली. गिया-बारे सिंड्रोम, एरवी लाखात एखाद्याला होणारा विकार. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही दगावले. बऱ्याच रुग्णांना आधी जुलाब झाले होते. नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. मूळ पाणी की कोंबडीचं मांस यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण त्या चर्चेत एक गोष्ट उघड्यावर आली: या भागाला पाणी येत होतं ते विहिरीचं. शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, विहिरीत जंतुनाशक टाकून ते नळाला सोडलं जायचं. पालिकेची माणसं मग क्लोरीनचं प्रमाण तपासत घरोघर फिरली, खासगी आरओ प्रकल्पांना टाळं लागलं.

नकाशावर हे बघितलं की चीड येते. खडकवासला धरणाची भिंत एकोणिसाव्या शतकातली. त्याच धरणाचं पाणी शहराकडे जातं, पर्वतीला शुद्ध होतं आणि पेठांत, कोथरूडात पोहोचतं. भिंतीच्या पायथ्याची गावं मात्र विहिरीवर. पाणी त्यांच्या दारावरून गेलं, आणि शहरात समावेश होऊन तीन-साडेतीन वर्षं झाल्यावरही त्यांच्या वाट्याला शुद्धीकरण प्रकल्प आला नव्हता. गावं घेताना अमुक वर्षात अमुक क्षमतेचा प्रकल्प, असं एक कलम कुठे लिहिलेलं असतं तर ते दाखवून कोर्टात तरी जाता आलं असतं. लिहिलेलं काहीच नव्हतं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने लिहून न घेता करार कसा करतात ते दाखवलं. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं याच शिवारात टाकला गेला. भूजल नासलं, वास आणि माश्यांनी जगणं नको केलं. गावं महापालिकेच्या बाहेर होती, त्यामुळे त्यांच्याकडे मत नव्हतं. हातात एकच गोष्ट होती, रस्ता. ती त्यांनी वापरली. कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की चार दिवसांत पुण्याच्या पेठांत कचऱ्याचे ढीग लागत आणि पाचव्या दिवशी महापौर-आयुक्त वाटाघाटीला येत. त्या वाटाघाटींतून गावांना टँकर मिळाले, कचरा डेपोत जमिनी गेलेल्यांच्या घरच्यांना पालिकेत नोकऱ्यांचं आश्वासन मिळालं, उघड्यावर कचरा टाकणं थांबवण्याच्या तारखा मिळाल्या. तारखा पाळल्या गेल्या नाहीत की पुन्हा रस्ता. शहर आणि गाव यांच्यातलं सहकार्य, महाराष्ट्रातलं, हे असं: दोन्ही पक्षांनी आपापली ताकद अजमावून केलेलं, आणि कुठल्याही दप्तरात न सापडणारं.

२०१७ मध्ये ही दोन गावं शहरात आली. आता तरी बरे दिवस येतील असं वाटणाऱ्यांना आधी मिळकतकराची बिलं आली. नव्या गावांत कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत आहे, पण वाढ झेपेना आणि सुविधा दिसेना. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दोन्ही गावं वगळून स्वतंत्र नगर परिषद करण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. सात वर्षांत गावं आत आणि बाहेर. पालिकेने मधल्या काळात तिथे नगररचना योजना आखल्या होत्या, पाण्याच्या योजनेवर खर्च केला होता. त्याचं काय करायचं हा हिशेब मागाहून. गावं शहरातून काढता आली; कचऱ्याचा डोंगर होता तिथेच आहे.

कोल्हापूरचा प्रकार उलटा. डिसेंबर १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, ६६.८२ चौरस किलोमीटरची, आणि आजही तेवढीच आहे. शहर काही थांबलं नाही. ते कळंब्याकडे, पाचगावकडे, उचगावकडे वाहत गेलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारा कोल्हापूरकर सकाळी हद्द ओलांडतो, संध्याकाळी परततो, त्याला ती कुठे आहे हे सांगताही येणार नाही. महापालिकेची केएमटी बस गावात जाते, गावातला रुग्ण शहरातल्या सीपीआर रुग्णालयात येतो, गावातला पोरगा शहरातल्या कॉलेजात शिकतो. शहरवासी म्हणतात, आमच्या घरफाळ्यावर तुम्ही जगता. गावकरी म्हणतात, आधी आहे त्या शहरातले खड्डे बुजवा, मग आमच्याकडे बघा. दोघांचंही खरं आहे. कधी बेचाळीस गावांचा प्रस्ताव, कधी वीसचा, कधी आठचा. मोर्चे, बंद, उपोषणं. २०१७ मध्ये सरकारने मधला मार्ग म्हणून बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं. प्राधिकरणाने बांधकाम परवानग्या हातात घेतल्या. त्याला ना गावाने निवडून दिलं होतं, ना शहराने. म्हणजे दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये तिसरा आणून बसवला आणि तिजोरीची किल्ली त्याच्याकडे दिली.

दुसरीकडे कुठे हे वेगळं चालतं का? अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत शहराच्या वेशीवर टाउनशिप असते. आपल्याकडे बिल्डर ज्याला टाउनशिप म्हणतो ती नव्हे. हे निवडून आलेल्या सदस्यांचं छोटं स्थानिक सरकार. ओहायोत तिचे तीन विश्वस्त असतात, म्हणजे ग्रामपंचायतीहूनही आटोपशीर कारभार. तिथेही शहरं टाउनशिपची जमीन ओरबाडत आली, बहुधा जमीनमालकांच्याच अर्जावरून, कारण मालकाला शहराचं पाणी आणि मलवाहिनी हवी असते. टाउनशिपचा कर बुडतो, ती कोर्टात जाते, वर्षानुवर्षं खटले. ओळखीचं वाटतं ना.

ओहायोतलं अ‍ॅक्रन हे टायरचं शहर. गुडइयर, फायरस्टोन तिथले. कारखाने बंद पडू लागले, लोकसंख्या घटत गेली, नवे उद्योग हद्दीबाहेर टाउनशिपमध्ये जाऊ लागले. शहराकडे पाणी होतं, टाउनशिपकडे मोकळी जमीन. १९९० च्या दशकात महापौर डॉन प्लस्केलिक यांच्या काळात अ‍ॅक्रनने कोप्ली, कॉव्हेंट्री, स्प्रिंगफील्ड या टाउनशिपांशी करार केले. शहराने पाणी आणि मलवाहिनी द्यायची आणि त्या भागात जमीन घ्यायला यायचं नाही. बदल्यात ठरलेल्या क्षेत्रातल्या उद्योगांवर आणि तिथे काम करणाऱ्यांवर शहराच्या दराने उत्पन्न कर बसवायचा. मालमत्ता कर टाउनशिपचाच. नकाशावरची रेघ हलली नाही, पैसा आणि पाणी मात्र तिच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागलं.

शेजारच्या मिशिगनमध्ये १९८४ चा ४२५ क्रमांकाचा कायदा याहून सरळ आहे. दोन स्थानिक सरकारांनी करार करून एखादी जमीन जास्तीत जास्त पन्नास वर्षांसाठी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची. करात कुणाचा किती वाटा, सेवा कुणी द्यायच्या आणि मुदत संपल्यावर जमीन कुणाची, हे सगळं करारातच लिहायचं. करार करण्याआधी जाहीर सुनावणी घ्यायची. पुरेशा मतदारांनी मागणी केली तर मतदानही.

याला लगेच स्वर्ग समजू नये. अ‍ॅक्रनच्या हातात नळ होता, आणि ज्याच्या हातात नळ त्याच्या अटी जड. कराराच्या क्षेत्रात कामाला येणारा माणूस कर भरतो पण तिथे त्याला मत नाही, यावर तिथे तक्रारी झाल्या, खटलेही. शिवाय तिथल्या टाउनशिपमागे स्वतःचा कर आणि कायद्याने दिलेलं बळ असतं. आपली ग्रामपंचायत अनुदानावर चालते आणि तिचा सरपंच आमदाराकडे बघत बसतो. तरी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे भावाभावांत चार गुंठ्यांची वाटणी करायची तरी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरचं आंब्याचं झाड, जायची वाट हे सगळं कागदावर घेतात. हजारो एकरांचं शिवार शहरात जातं तेव्हा विहीर आणि वाट यांचा उल्लेखही नसतो.

बसायला जागा नाही असंही नाही. संविधानाच्या २४३-झेडई अनुच्छेदाने महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिका-महापालिकांच्या सदस्यांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडायचे, लोकसंख्येच्या प्रमाणात. नगरसेवक आणि सरपंच एकाच समितीत बसतील असं हे देशातलं बहुधा एकमेव टेबल. पुण्यात या समितीची निवडणूक २०२१ मध्ये झाली. निवडून आलेल्यांना पीएमआरडीएच्या विकास आराखड्यावर खरोखर किती बोलता आलं हे वेगळं सांगायला नको. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तो आराखडा शेवटी गुंडाळला गेला.

पाण्याच्या बाबतीत तर करारासारखं काहीतरी आजही चालतं. हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गावांना पाणी द्यायची जबाबदारी पुणे महापालिकेवर आहे. त्याचा दर असतो, बिल असतं, थकबाकी असते, थकबाकीवरून नळ तोडण्याच्या धमक्या असतात. दोन सरकारांमधला व्यवहार यालाच म्हणतात. त्यात मुदत, पाण्याची गुणवत्ता, करातला वाटा आणि पाच वर्षांनी आढावा एवढं घातलं की मिशिगनच्या कागदाच्या बऱ्याच जवळ जाता येईल. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या नव्या नगर परिषदेला हे लवकरच करावं लागेल, कारण पाणी, डेपो आणि नगररचना योजनांचा खर्च या तिन्ही बाबतींत तिला पुणे महापालिकेशी व्यवहार टाळता येणार नाही.

कोल्हापुरात असा कागद लिहायचा झाला तर कलमं शोधायला लांब जावं लागणार नाही. पन्नास वर्षांच्या भांडणाने ती घासूनपुसून ठेवली आहेत. केएमटीच्या तोट्यात गावांचा वाटा किती. पाचगाव-कळंब्याला पाणी कोणत्या दराने आणि किती वर्षं. घरफाळा गावाच्या दरावरून शहराच्या दरावर यायला किती वर्षं, आणि त्या प्रत्येक वर्षी बदल्यात काय दिसलं पाहिजे. शेतजमिनीवर आरक्षण टाकायचं असेल तर आधी मोबदला की नंतर. औद्योगिक वसाहतींचा कर कुणाचा. गावांची यादी यानंतर करावी. आज सगळे सुरुवातच यादीने करतात. आयुक्त आणि आठ-दहा सरपंच यांनी मिळून हे लिहायला कुठलाही कायदा मनाई करत नाही. त्यांनी सह्या केल्यावर तो कागद सरकारवर बंधनकारक मात्र होत नाही, कारण कलम ३ मध्ये सरपंचाच्या सहीला जागाच ठेवलेली नाही.